आईचं ‘सोड’, बाबांचं ‘सोड’

अमिरातीतल्या अल ऐनला आइस हॉकी खेळायला शिकलो म्हटलं की समोरचा आधी हसतो, मग खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बघतो, मग पुन्हा हसतो. मला आता ह्याचा वैताग येतो. हो बाबा, वाळवंटात बर्फ असतो. मॉलमध्ये असतो, तळमजल्यावर. बर्फाखाली नळ्या असतात, नळ्यांतून गारठलेलं मिठाचं पाणी फिरतं आणि ते फिरवणारी मशीन्स वर छतावर असतात. त्या मशीन्सची देखभाल ज्या कंपनीकडे होती, त्या कंपनीत माझे बाबा सुपरवायझर. सुट्टीच्या दिवशी नेमकं काहीतरी बिघडायचंच. मग ते आम्हा दोघांना बरोबर घ्यायचे, रिंकच्या मॅनेजरला ‘हबीबी, टू मिनिट्स’ म्हणून आम्हाला खाली सोडायचे आणि स्वतः छतावर जायचे. त्यांची दोन मिनिटं म्हणजे अख्खी दुपार.

आम्ही दोघं म्हणजे मी आणि ताई. ताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. पहिल्याच दिवशी ती कठडा सोडून थेट मधोमध गेली आणि मी पालीसारखा कठड्याला चिकटून राहिलो. पुढे आम्ही तिथल्याच मुलामुलींच्या टीममध्ये खेळायला लागलो. ती डिफेन्सला, मी गोलात. गोलात का, तर मला नीट पळता यायचं नाही. खरं कारण एवढंच आहे, उगाच मुलाखतीत सांगतो तसं काही नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांना एवढंच सांगतो. चेंडूऐवजी रबराची काळी चकती असते, तिला पक म्हणतात. मैदानाला कठडा आणि कठड्यावर काच. गोलच्या मागेही खेळायला जागा असते. समोरची टीम बऱ्याचदा पक लांबूनच तिकडे मागे भिरकावते आणि त्याच्यामागे सुसाट धावत येते. तेव्हा गोलकीपरने ठरवायचं असतं, गोल सोडून बाहेर जायचं आणि पक आपण घ्यायचा, की आपल्या डिफेन्सवाल्याला घेऊ द्यायचा. ठरवायचं आणि ओरडून सांगायचं. एका शब्दात, कारण दोन शब्दांना वेळ नसतो.

आमच्या टीममध्ये सगळी दुनिया होती. लेबनीज, इमिराती, कॅनडाचे, रशियाचे. सगळे इंग्रजीत ओरडायचे आणि समोरचेही इंग्रजीतच, त्यामुळे काही गुपित राहायचं नाही. म्हणून ताईने ठरवलं, आपण दोघांनी मराठीत ओरडायचं. आता गंमत बघा. घरात आई विचारायची, ‘जेवायला काय करू रे?’ आणि आम्ही म्हणायचो, ‘एनीथिंग, मम्मा.’ बाबा मराठीत रागवायचे आणि आम्ही इंग्रजीत तोंड वर करून उत्तरं द्यायचो. आमची मराठी कानात भरलेली, पण जिभेला न लागलेली. ती वापरली फक्त बर्फावर. घे. मागे. माझा. सोड. एवढ्यावर आमचं झकास चाललं होतं.

‘सोड’ हा ताईचा शब्द. माझ्याकडे पक असला की ती कोपऱ्यातून ओरडायची, ‘सोड!’ म्हणजे पाठव माझ्याकडे, लवकर पाठव. हा शब्द तिने बाबांकडून उचलला होता. बाबांच्या हाताखाली आमच्या चिपळूणकडची दोन-तीन माणसं होती आणि बाबा दिवसभर फोनवर त्यांना तेच सांगत असायचे. पाणी सोड, गॅस सोड, अरे हळू सोड. माझ्या डोक्यात मात्र त्या शब्दाचा आवाज वेगळाच होता. रिमोटवरून, चार्जरवरून आमची जुंपली की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, ‘सोड तिला! सोड म्हणते ना!’ म्हणजे हात काढ, बाजूला हो. मारामारीत झिंज्या धरणारा कायम मीच, त्यामुळे आईचं ‘सोड’ माझ्याच वाट्याला जास्त आलं.

एकाच शब्दाचे दोन अर्थ आमच्या घरात राहत होते, हे मला नंतर कळलं. तेव्हा कोण कशाला असला विचार करतंय.

मी बारावीत असतानाच्या हिवाळ्यात ताईला हंगेरीतून बोलावणं आलं. मुलींची प्रोफेशनल टीम, आठवड्याची ट्रायल. आमच्या कोचने तिचे व्हिडिओ पाठवले होते आणि तिकडच्यांना ती आवडली होती. ‘अगं बाई, तिकडे थंडी किती असेल!’ आई म्हणाली. जिचं सगळं लहानपण बर्फात गेलं तिच्यासाठी आईने दुबईहून दोन स्वेटर मागवले. बाबा ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले. मला आनंद झाला होता, अगदी मनापासून झाला होता, आणि त्याच वेळी पोटात दुखतही होतं. मी काय संत नाही.

ट्रायलला जायच्या आधीची तिची शेवटची मॅच अबू धाबीला होती. गाडीत आमचं वाजलं. पुढच्या सीटवरून सुरू झालं आणि मग कुठल्या कुठे गेलं. शेवटी ताई म्हणाली, ‘आणि हे बघ, आज उगाच गोल सोडून बाहेर येऊ नकोस. उभा राहा गोलात गपचूप.’ बोलली ती बरोबरच. मागच्या दोन मॅचमध्ये मी असाच बाहेर जाऊन गोंधळ घातला होता. पण मला झोंबलं. मला शिकवतेस काय, बघच आता, असं म्हणत मी खिडकीबाहेर बघत बसलो.

मॅचमध्ये पक आमच्या गोलच्या मागे आला. ताई त्याच्याकडे निघालीच होती आणि तिचंच बरोबर होतं. मीही निघालो. मी ‘माझा’ ओरडायला हवं होतं, तो आमचा ठरलेला शब्द होता. पण मी चिडलेलो होतो आणि चिडल्यावर ठरलेलं काही तोंडातून निघत नाही. तोंडातून आईचा शब्द निघाला.

‘सोड!’

मी म्हणत होतो, हात काढ, बाजूला हो. ताईला ऐकू आलं बाबांचं ‘सोड’. पाठव, लवकर पाठव. ती बाजूला झाली नाही. पकवर वाकली, पाठवायला वळली आणि मी माझ्या त्या गादीएवढ्या पॅडसकट, सगळ्या वजनासकट तिच्यावर जाऊन आदळलो. तिचा पाय कठड्याशी अडकला आणि बाकीची ती वळली. जो आवाज झाला तो मी इथे लिहिणार नाही.

‘सोडतच होते ना रे!’ ती खालून ओरडली. दुखतंय म्हणून नाही, वैतागून. दुखायला नंतर लागलं.

गुडघ्यातला लिगामेंट तुटला होता, शिवाय आतली गादी फाटली होती. ऑपरेशन झालं. हंगेरी गेलं. आणि मला कुणी एका शब्दानेही बोललं नाही. तेच तर मला अजून खातं. आई हॉस्पिटलमध्ये धावत आली आणि आधी मला म्हणाली, ‘तुला नाही ना रे लागलं?’ बाबा म्हणाले, ‘खेळात व्हायचंच.’ ताईने माझ्याकडे बघून डोळे फिरवले आणि पाणी मागितलं. एक कानफटात बसली असती तर बरं झालं असतं हो. रडून मोकळा तरी झालो असतो.

शिव्या खाल्ल्या त्या भलत्याच गोष्टीवरून. मामाचा फोन आला होता आणि स्पीकरवर तो आईला म्हणाला, ‘एका परीने झालं ते बरंच झालं, आता तरी तिच्या लग्नाचं बघा.’ मी फोन ओढून घेतला आणि जे तोंडाला येईल ते बोललो. त्यावर आई माझ्यावर इतकी भडकली की शेजारची मल्याळी आंटी दार उघडून बघायला आली. मोठ्या माणसांशी असं बोलतात? लाज नाही वाटत? ताईचा गुडघा घालवला त्याबद्दल नाही, मामाला उलटून बोललो त्याबद्दल.

त्या दिवसापासून मी घरात इंग्रजी बोलायचं बंद केलं. कुणाला सांगितलं नाही, नुसतं बंद केलं. आईला वाटलं, पोरगा सुधारला. मला फक्त शब्द नीट यायला हवे होते.

आणि मग, ज्याला काही अर्थ नाही अशी गोष्ट झाली. अबू धाबीच्या एका क्लबने पगारी टीम उभी केली. परदेशी खेळाडू आणले, पण दुसऱ्या नंबरचा गोलकीपर त्यांना इथलाच, इथे वाढलेला हवा होता. मला घेतलं. करार, क्लबचा व्हिसा, सगळं. आईने बिल्डिंगभर पेढे वाटले. ताईने कुबडी काखेत धरून टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, ‘चला, घरातला पहिला प्रोफेशनल!’ तिच्या आवाजात खोट नव्हती, मी कान देऊन ऐकलं. पेढा मी तसाच डब्यात ठेवून दिला. घरातली पहिली प्रोफेशनल ती होणार होती.

खलिफा सिटीतल्या एका व्हिलात आम्हा खेळाडूंना ठेवलं होतं. माझ्या खोलीत फिनलंडचा एक डिफेन्सवाला. शांत माणूस, आईने दिलेली भाकरवडी एकटा संपवायचा आणि घाम पुसत ‘गुड, गुड’ म्हणायचा. प्रोफेशनल म्हणजे लोकांना काहीतरी भारी वाटतं. सकाळी लोकांचं स्केटिंग सुरू व्हायच्या आत सराव, मग जिम, मग ओले पॅड व्हरांड्यात वाळत घालायचे, त्यांच्या वासाने शेजारचं मांजर पळून जायचं. मॅचमध्ये माझं काम म्हणजे आमच्या बाकापुढचं कठड्यातलं दार उघडायचं आणि लावायचं. पहिल्या गोलकीपरला आराम द्यायचा असला की मला उभं करायचे. गोलात मी चांगला होतो, हे सगळे म्हणायचे. पण पक गोलच्या मागे गेला की माझे पाय थिजायचे. मी बाहेर यायचोच नाही. तो फिनलंडचा एकटा तिकडे जाऊन धक्के खायचा.

कोच लाटव्हियाचा होता, दहा शब्दांचं इंग्रजी आणि दोन शब्दांचं अरबी. त्याने एकदा मला बाजूला घेतलं. ‘तू गोल सोडत नाहीस. माझे डिफेन्सवाले मार खातात. सीझन संपेपर्यंत बाहेर आलास तर पुढचा करार. नाही आलास तर खलास.’ आणि हात झटकले.

मी आईला फोनवर सांगितलं. आईला सांगणं म्हणजे ताईला सांगणं, हे माहीत असून सांगितलं. ताई तेव्हा एका शाळेच्या ऑफिसात कामाला लागली होती. माझ्या एकाही मॅचला ती आली नव्हती. मी बोलावलंही नव्हतं. कोणत्या तोंडाने बोलावणार?

पुढच्या सुट्टीला मी घरी गेलो, तर सकाळी ताई माझ्या उशाशी उभी. खांद्यावर स्केट्स, गुडघ्याला पट्टा.

‘ऊठ. यल्ला, चल.’

‘कुठे?’

‘भेळ खायला. स्केट्स घेऊन भेळच खातात ना?’

रिंकचा मॅनेजर तोच होता, बाबांच्या दोन मिनिटांवाला. मॉल उघडायच्या आधी त्याने आम्हाला आत घेतलं. ताई बर्फावर आली ती अगदी जपून, म्हातारी माणसं जिना उतरतात तशी. माझ्याने बघवेना. तिने एक पक गोलच्या मागे भिरकावला आणि म्हणाली, ‘मी येते त्याच्याकडे. तू बाहेर ये आणि ओरड.’

मी बाहेर आलो, कसाबसा, आणि इंग्रजीत ओरडलो, ‘लीव्ह इट!’

‘इंग्रजीत नको.’

‘का? टीममध्ये इंग्रजीच चालतं.’

‘शांत असतोस तेव्हा चालतं. डोकं फिरलं की तुझ्या तोंडून काय निघतं ते मला चांगलं माहितीये. जे निघणारच आहे ते नीट शिक. मराठीत ओरड.’

‘ताई, प्लीज. तो शब्द नको.’

‘तोच.’

‘नाही येत मला.’ माझा आवाज फाटला. डोळेही भरले, खोटं कशाला सांगू.

‘मेल्या, गुडघा माझा गेला आणि रडतोयस तू?’ ती म्हणाली. मग जवळ येऊन स्टिकने माझ्या हेल्मेटवर टक्‌ केलं. ‘हे बघ. आजपासून सोड म्हणजे आईचं सोड. हात काढ, बाजूला हो. बाबांचं सोड बंद. त्यांना छतावर वापरू दे. आता ओरड.’

मी ओरडलो. पहिल्यांदा इतक्या हळू की तीच हसली. मग जरा मोठ्याने. प्रत्येक वेळी ती पकपर्यंत यायची आणि माझा शब्द कानावर पडला की डावीकडे वळून निघून जायची. मी पक घ्यायचो. मग पुन्हा.

दर सुट्टीला आम्ही जायला लागलो. ताई सुटत गेली. आधी जपून, मग भराभर, मग उलटं वळायला लागली, मग एकदा वळता वळता गाणं गुणगुणली. घरी आल्यावर आई शिरा करायची आणि ताई आंघोळीला गेली की माझ्या कानाशी येऊन म्हणायची, ‘पोरगी परत उभी राहिली बघ. देव आहे रे बाबा.’ माझाही जीव भांड्यात पडला होता. किती दिवसांनी मला नीट झोप लागायला लागली. मनातल्या मनात मी सगळं जुळवून टाकलं होतं. पुढच्या वर्षी ती पुन्हा ट्रायल देईल, जाईल, खेळेल आणि मी हे सगळं विसरून जाईन. एकदा तिला म्हणालोही, ‘ताई, आमच्या कोचच्या ओळखी आहेत तिकडे, बोलू का?’ ती म्हणाली, ‘बघू.’ आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही. सायकलपासून कुत्र्यापर्यंत सगळ्याला आम्ही ‘बघू’च ऐकलंय. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला कळून घ्यायचं नव्हतं.

सीझन संपत आला तेव्हाची ती सकाळ. ताईने पक मागे मारला आणि त्या दिवशी ती जीव खाऊन धावली, खऱ्या मॅचमध्ये धावते तशी. मीही तसाच सुटलो. दोघांमध्ये अंतर उरलं नव्हतं आणि माझ्या तोंडून निघालं, ‘सोड!’ विचार न करता, पोटातून. ती सर्रकन डावीकडे गेली. तिची बाही माझ्या हाताला घासली, एवढंच. मी पक घेतला आणि सरळ समोर पाठवला.

‘सोडला बघ!’ ती कठड्याला टेकून धापा टाकत हसत होती.

‘अजून एकदा?’

‘नाही, बास. येतं तुला आता.’

बाकावर बसून आम्ही स्केट्सच्या नाड्या सोडवत होतो. ती खाली बघतच म्हणाली, ‘माझी किट घेऊन जा तिकडे. क्लबमधल्या मुलींत बघ, कुणाला होत असेल तर देऊन टाक.’

‘आणि हंगेरीला काय माझे पॅड घालून खेळणार?’

‘कसलं हंगेरी रे?’ ती म्हणाली. ‘डॉक्टरने ऑपरेशननंतरच सांगितलं होतं. चालणं-फिरणं, थोडं स्केटिंग, ठीक. मॅच नाही. एक धक्का बसला तरी गुडघा कायमचा जाईल म्हणाला.’

‘मग तू इतके दिवस इथे कशाला येत होतीस?’

‘तुला बाहेर काढायला. दुसरं कशाला?’

‘आईला माहितीये?’

‘आईला नको सांगू. ती रडणार, तिचं बघून तू रडणार. मला एवढा वेळ नाहीये.’ तिने पट्टा काढला, गुडघा दोन्ही हातांनी चोळला आणि उठली. ‘चल, शिरा गार होईल.’

एक धक्का. माझ्या डोक्यात तेवढंच घुमत राहिलं. म्हणजे दर सुट्टीला मी पॅडसकट तिच्या अंगावर जात होतो तेव्हा ती तोच गुडघा घेऊन माझ्या वाटेत यायची. ज्या शब्दाने एकदा तिचा घात केला, त्याच शब्दावर भरवसा ठेवून. माझ्या तोंडावर भरवसा ठेवून! आणि मी मूर्ख, घरी जाऊन दोन-दोन वाट्या शिरा खायचो आणि गाढ झोपायचो. माझं ओझं कमी होतंय असं मला वाटत होतं आणि ते ती आपल्या त्या पायावर पेलत होती. गाडीत मी तिला ‘सॉरी’ म्हणालो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि तेही इंग्रजीत. ती म्हणाली, ‘सिग्नल बघ, हिरवा झालाय.’

किट मी नेली. ती माझ्या कपाटावर आहे. कुणाला दिलेली नाही. क्लबमध्ये मुली पुष्कळ आहेत, मापाची एक तर मी स्वतः पाहिली आहे. तरी नाही दिली.

शेवटच्या मॅचला कोचने मला उभं केलं. आई, बाबा, ताई, सगळे आले. आईने त्या दोनांतला एक स्वेटर घातला होता, हंगेरीसाठी मागवलेला. पहिल्याच काही मिनिटांत पक मागे आला. मी गोल सोडला, बाहेर आलो आणि ओरडलो. फिनलंडवाल्याला मी तो शब्द शिकवून ठेवला होता. तो चटकन बाजूला झाला आणि मी पक पाठवून दिला. मॅच आम्ही हरलो, पण कोचने माझ्या पाठीत एक जोरदार थाप मारली आणि पुढच्या सीझनचा करार झाला. आता आमच्या टीममध्ये फिनलंडचा, चेक, बेलारूसचा, सगळे ‘सोद, सोद’ ओरडतात.

त्या मॅचची एक गोष्ट आई आल्या-गेल्या प्रत्येकाला सांगते. मी खाली ‘सोड!’ म्हणून ओरडलो ना, तर वर शेजारी बसलेली ताई खुर्चीतल्या खुर्चीत झपकन डावीकडे सरकली. आईच्या हातातली कॉफी सांडली, नव्या स्वेटरवर. ‘अजून अंगातून जात नाही हो तिच्या!’ असं म्हणून आई हसते, ऐकणारे हसतात, ताईही हसते. मी तेवढ्यात पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात जातो आणि त्यांचं हसून होईपर्यंत नळ सोडून उभा राहतो.